खान्देशातल्या उन्हात वीज-पाणी वाया न घालवता फिश टँक कसा ठेवावा?

धुळ्यात मुलांसाठी फिश टँक घ्यायचाय, पण त्यापायी वीज-पाण्याची नासाडी नको, असं तुम्ही म्हणताय. मी जळगावचा, घरी दोन फुटी टँक आहे. माझ्या मते फिल्टर आणि लाइट नंतर बघा, आधी मासा नीट निवडा.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड. त्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात. निऑन टेट्रा आणलात तर त्याला मऊ पाणी लागतं, म्हणजे आरओ आला, आणि घरचा आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. डिस्कसचं नावच काढू नका. त्याला बारा महिने २८-३० अंश लागतात, आणि आपल्या हिवाळ्यात १०० वॉटचा हीटर दहा तास चालला की एक युनिट गेलं. झेब्रा फिश आणि रोझी बार्ब हे आपल्या देशातलेच मासे, घरातली थंडी सोसतात.

खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं. दुकानदार चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) गळ्यात मारेल, घेऊ नका. झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखं काम होतं. आटलेलं पाणी तेवढं रोज भरा. खाणं निम्म्यावर आणा. तीन-चार वॉटचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर पुरतो. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर घाण पचवणारे जिवाणू क्लोरीननं मरतात.

दोन बाय एक बाय एक फुटी टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. आठवड्याला पाव भाग बदललं तर एक बादली. ते पिवळट, गाळाचं पाणी कढीपत्त्याला घाला, त्यात नायट्रेट असतं, पानं गर्द हिरवी होतात. मीठ किंवा औषध घातलेलं पाणी मात्र झाडाला नको. टँकमध्ये भरायचं नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. ‘टँक साफ करतो’ म्हणून दोन इंची सकर फिश विकतात. तो फूटभर वाढतो, मग लोक पुण्य लागेल म्हणून गिरणा नदीत नाहीतर तलावात सोडून येतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, काठात बिळं करतो, काट्यांनी जाळी फाडतो. उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यात तो सापडायला लागलाय. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या टँकवाल्याला द्या, नदीत कधीच नाही.

तुमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) किती आणि टँक स्लॅबखाली ठेवणार की पत्र्याखाली, एवढं कळवा. मग कोणते मासे आणि किती, ते सांगतो.