दर भागात नवं भूत: या मालिका आता शिळ्या झाल्यात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 'एक्स-फाइल्स', 'सुपरनॅचरल' यांच्यासारख्या दर भागात नवं भूत आणणाऱ्या मालिका आज ताज्या वाटतात का, आणि त्यातले 'फिलर', म्हणजे मुख्य कथानक पुढे न नेणारे भरतीचे भाग गाळून नुसतं मुख्य कथानक पाहिलं तर चालेल का.

चालणार नाही. शिळं झालंय ते मुख्य कथानकच. 'एक्स-फाइल्स'मधलं परग्रहवासीयांचं कारस्थान, ते काळं तेल, त्या मधमाश्या, हे सगळं आज कोणी सलग सांगून दाखवावं. पण १९९३ मधल्या तिसऱ्याच भागातला टूम्स नावाचा खुनी बघा. दर तीस वर्षांनी जागा होतो, पाच माणसांची यकृतं खातो, अंग ताणून धुराड्यातून घरात शिरतो. तो एकदा पाहिलेला माणूस आजही झोपण्याआधी झरोक्याकडे नजर टाकतो. अशा भागाला 'फिलर' म्हणणं मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका वाहिनीच्या भुतांच्या साप्ताहिक मालिकेवर लिहीत होते. एक आठवडा, एक घर, एक भूत, आणि शेवटी गोष्ट संपलेली. माझ्या वाट्याला मुंजा आला. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो, यात नवीन काय, असं आमचे हेड रायटर सर पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले. मी भुताला हात लावला नाही, घर बदललं. पुण्यातल्या पेठेतला वाडा, बिल्डरकडे गेलेला. चौकातला पिंपळ तोडायचाय, सगळी बिऱ्हाडं हललीत, फक्त एक म्हातारी खोली सोडत नाही. रात्री रिकाम्या वाड्यात दारोदार पोराचा आवाज फिरतो: 'ॐ भवति भिक्षां देहि'. बिल्डरची माणसं पळून जातात. म्हातारी जागची हलत नाही, कारण तो तिचा थोरला भाऊ आहे. सकाळी मुंज लागली, दुपारी ताप भरला, संध्याकाळची भिक्षावळ राहिली ती राहिलीच. तो अजून आठ वर्षांचा, ही पंचाहत्तरीची. तो तिला ओळखत नाही, 'आजी' म्हणतो. आपण गेल्यावर याला दार कोण उघडणार, एवढीच तिची काळजी. शेवटी ती त्याच्या झोळीत लाडू घालते आणि त्याला 'दादा' म्हणून हाक मारते. तिथे भाग संपतो.

भाग गाजला. लगेच वाहिनीकडून निरोप आला: मुंजाला परत आणा, मोठा ट्रॅक करा. मी म्हटलं, भिक्षा मिळाली, आता तो येईलच कशाला? सर म्हणाले, "नियम आपण बनवतो. एका भागात संपलेली गोष्ट प्रेक्षक त्याच रात्री विसरतो." मग मुंजा परत आला, दात विचकत. त्याच्यामागे मांत्रिक आला, नायिकेची जाऊ त्या मांत्रिकाला सामील झाली, मालिका आठवड्यातून पाच दिवस झाली. मी बाहेर पडले. पुढे ती फार चालली नाही. मी त्या मालिकेवर होते हे कळलं की लोक आजही लाडवाबद्दल विचारतात. मांत्रिकाचं नाव अजून कोणी काढलेलं नाही.

सर, नियम आपण बनवत नाही. आपल्याकडे चकव्याला नियम आहे, गिऱ्ह्याला आहे, समंधाला आहे. कोण कशामुळे अडकलं, कुठे अडकलं आणि कशाने सुटेल, हे ठरलेलं असतं, आणि त्या तिन्हींत एका माणसाचं दुःख असतं. भुतांची शिकार करणाऱ्या दोन भावांच्या 'सुपरनॅचरल'ला हे पहिल्या सीझनमध्ये पक्कं माहीत होतं. २००५ च्या पहिल्याच भागातली पांढऱ्या कपड्यातली बाई रस्त्यावर पुरुषांना गाठते. तिने स्वतःच्या मुलांना मारलंय, म्हणून तिला घरी जायची हिंमत नाही. उपाय काय, तर तिला घरी नेणं. आपल्या हडळीच्या शेजारी ती सहज बसेल. मालिकेचा निर्माता एरिक क्रिपके याने पाच सीझनांचा बेत आखला होता. मालिका गेली पंधरा सीझन, ३२७ भाग, आणि धोका वाढवत वाढवत शेवटी देवालाच खलनायक करावं लागलं. पण त्याच मालिकेचा अकराव्या सीझनमधला 'बेबी' पाहा. अख्ख्या भागात कॅमेरा त्या दोघा भावांच्या गाडीबाहेर पडत नाही. इतक्या उशिरा एवढं ताजं काम मुख्य कथानकातून आलं असतं का?

'एक्स-फाइल्स' २०१६ मध्ये परत आली तेव्हाही तेच झालं. कारस्थानाचे भाग दमलेले, आणि डॅरिन मॉर्गनने लिहिलेला सुटा भाग सगळ्यांत सरस. त्यात सरड्यासारख्या प्राण्याला माणूस चावतो आणि तो प्राणी दिवसा माणूस व्हायला लागतो. मग भीती त्याला कसली वाटते, तर नोकरीची आणि निवृत्तीच्या पैशांची. या मालिकांतलं भूत पाहुणं असतं. गोष्ट त्या आठवड्याच्या माणसाची असते. म्हणूनच व्हिन्स गिलिगनने १९९८ मध्ये 'एक्स-फाइल्स'चा 'ड्राइव्ह' नावाचा एक सुटा भाग लिहिला, त्यात ब्रायन क्रॅन्स्टन हा नट होता, आणि पुढे स्वतःच्या 'ब्रेकिंग बॅड' मालिकेचा नायक म्हणून क्रॅन्स्टन वाहिनीला पटवताना गिलिगनने हाच भाग दाखवला. ज्याला तुम्ही गाळणार होतात, त्यातलाच एक.

आता, सगळेच सुटे भाग चांगले असतात असं नाही. सीझनला वीस-बावीस भाग काढायचे म्हणजे त्यात रद्दीही भरपूर, तिची बाजू मी घेणार नाही. सलग पाच-सहा भाग बघितलेत तर साचा उघडा पडेल: आधी प्रेत, मग चौकशी, मग जुनी कात्रणं, मग मीठ टाकून हाडं जाळणं. मध्ये आठवडा जावा म्हणूनच ते तसे लिहिलेत. निदान एक दिवस तरी जाऊ द्या. आणि चालू कथानक जमतच नाही असंही नाही. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये नाईकांचा वाडा आणि घरातली माणसं हीच गोष्ट होती, ती पहिल्या दिवसापासून तशीच बांधलेली होती. संपलेल्या मुंजाला ओढून आणणं वेगळं.

सुरुवात टूम्सपासून करा. मग मरण दिसणाऱ्या विमा एजंटचा 'क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज', त्याला लेखनाचं आणि पीटर बॉइलच्या कामाचं अशी दोन्ही एमी मिळाली. मग एकच प्रकरण मल्डर आणि स्कली, मालिकेतले दोघे एफबीआय तपास अधिकारी, आपापल्या परीने सांगतात तो 'बॅड ब्लड'. १९९६ चा 'होम' मात्र मुलं घरात असताना लावू नका. मालिका दाखवणाऱ्या फॉक्स वाहिनीने स्वतःच तो पुन्हा दाखवायला बराच काळ टाळला होता.