‘हेमी कुडा’तला हेमी कुठून आला?

प्रश्न असा आहे : ‘१९७१च्या प्लिमथ हेमी कुडा या अमेरिकी मोटारीला लिलावात ३५ लाख डॉलर मिळाले, असं वाचलं. यातला हेमी म्हणजे आपला सोन्याचा ‘हेम’ का? आणि कुडा म्हणजे काय?’

किंमत पाहता सोनं आठवणं साहजिक आहे, पण ‘हेम’चा इथे काही संबंध नाही. हा ‘हेमी’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘अर्धा’. या गाडीच्या इंजिनात सिलिंडरचं वरचं छत आतून अर्धगोल असतं, नारळाची अर्धी करवंटी पालथी घातल्यासारखं. त्या आकाराच्या ‘हेमिस्फेरिकल’ या लांबलचक इंग्रजी नावाचा पुढचा तुकडा तेवढा तोंडात राहिला.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ग्रीक ‘हेमि’, लॅटिन ‘सेमि’ आणि संस्कृत ‘सामि’ ही एकाच घरातली भावंडं आहेत. मूळच्या ‘स’चा ग्रीकमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो : आपलं ‘सप्त’ तिकडे ‘हेप्टा’, आपलं ‘सम’ तिकडे ‘होमो’. तसंच सामि आणि हेमि. पाणिनीने ‘सामि’ या अव्ययासाठी समासाचं स्वतंत्र सूत्र दिलं आहे (२.१.२७). सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं. रोजच्या मराठीत सामि उतरला नाही, ती जागा ‘अर्ध’ने घेतली. पण लॅटिन भावंड आपल्याकडे पाहुणा म्हणून आलं आणि राहिलं. सेमीफायनल आणि सेमी-इंग्लिश शाळा हे शब्द आता कोणाला परके वाटत नाहीत. ग्रीक भावंड दवाखान्यात भेटतं : डॉक्टर ‘हेमिप्लेजिया’ म्हणतात, आपण अर्धांगवायू. मायग्रेन या शब्दाच्या मुळाशीही ग्रीक ‘हेमिक्रानिया’, म्हणजे अर्धी कवटी आहे. आपण त्याच दुखण्याला अर्धशिशी म्हणतो. हिमोग्लोबिनमधला ‘हिमो’ मात्र वेगळा, तो रक्तवाचक.

मग एवढा साधा ‘अर्धा’ इतका मोलाचा कसा झाला? छत अर्धगोल असलं की आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप समोरासमोर तिरकी बसवता येते. दोन्ही मोठ्या ठेवता येतात, आणि हवा एका बाजूने येऊन दुसरीकडून सरळ निघून जाते. इंजिन मोकळा श्वास घेतं. हा आकार प्लिमथ गाड्या बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीने शोधलेला नाही. जग्वारच्या १९४८च्या प्रसिद्ध इंजिनातही तो होता. क्रायस्लरने १९५१ मध्ये असं इंजिन गाडीत आणलं तेव्हा त्याचं नाव ‘फायरपॉवर’ होतं. ‘हेमी’ हे नाव गाजलं ते १९६४ मध्ये. त्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेटोना ५०० या मोटारशर्यतीत ४२६ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ७ लिटरचं नवं हेमी उतरलं. रिचर्ड पेटी जिंकला आणि पहिल्या तिन्ही गाड्या प्लिमथच्या निघाल्या. सामान्य गिऱ्हाइकाला विकत न मिळणारं इंजिन शर्यतीत चालणार नाही, असं या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेने १९६५ साठी ठरवलं. म्हणून १९६६ पासून तेच इंजिन थोडं माणसाळवून रस्त्यावरच्या गाड्यांत मिळू लागलं. कागदावर ताकद ४२५ अश्वशक्ती.

‘कुडा’ची गंमत वेगळी आहे. आपल्या रानातल्या पांढऱ्या फुलांच्या कुड्याशी त्याचं काही नातं नाही. बॅराकुडा हा लांब जबड्याचा शिकारी मासा. प्लिमथने १ एप्रिल १९६४ला, फोर्ड मस्टँगच्या सोळा दिवस आधी, त्या नावाची गाडी आणली. पुढे जोरकस इंजिनांच्या बॅराकुडाला नुसतं ‘कुडा’ म्हणू लागले. गळलेल्या अक्षरांची खूण म्हणून इंग्रजीत ते नावाआधी वर एक स्वल्पविराम टांगतात. संस्कृतात हेच काम अवग्रह करतो, ‘सोऽहम्’मधला. पण मराठीत आपण अवग्रह सूर लांबवायला वापरतो, तेव्हा ‘ऽकुडा’ लिहिण्याच्या फंदात पडू नये.

आणि इथेच बातम्यांत नेहमी होणारी चूक सांगायला हवी. प्रत्येक कुडा हेमी नसते. ३४०, ३८३, ४४० घनइंचांच्या कुडाही होत्या, आणि बहुतेकांनी त्याच घेतल्या. हेमीसाठी १९७० मध्ये सुमारे ८७१ डॉलर जास्त पडत, तेही साधारण ३,२०० डॉलरपासून सुरू होणाऱ्या गाडीवर. शिवाय विम्याचे हप्ते भडकले होते. त्यामुळे १९७० मध्ये हेमी कुडा साडेसहाशेच्या आसपास बनल्या, त्यात कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडणाऱ्या टपाच्या, १४. १९७१ मध्ये बंद टपाच्या शंभराच्या थोड्या वर आणि कन्व्हर्टिबल बहुतेक नोंदींप्रमाणे ११. त्या वर्षानंतर हे इंजिन गाड्यांतून बंदच झालं. तुम्ही वाचलेली ३५ लाखांची बोली २०१४ मध्ये सिएटलला लागली, ती या अकरांपैकी एका गाडीवर. दुर्मीळ हा शब्द आपण फार सैल वापरतो, इथे तो नेमका बसतो.

एवढा पैसा असल्यावर साध्या कुडात हेमी इंजिन बसवणारे निघणारच. म्हणून जाणकार इंजिनाआधी गाडीचा ओळख क्रमांक पाहतात. त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं आणि ४२६ हेमीसाठी ते ‘आर’ आहे. १९७१च्या अस्सल हेमी कन्व्हर्टिबलचा क्रमांक ‘बी-एस-२७-आर-१-बी’ असा सुरू होतो : २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, १ म्हणजे १९७१, शेवटचं बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅमिकचा कारखाना. नंतर हेमी घातलेल्या गाडीला तिकडे ‘क्लोन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी सरसकट ‘बनावट’ लिहू नये. मालक उघड सांगून विकत असेल तर ती ‘प्रतिकृती’. क्रमांकात फेरफार करून अस्सल म्हणून खपवली, तरच ‘बनावट’.

हेमीला मराठी प्रतिशब्द हवा का? आकार समजावताना ‘अर्धगोल’ म्हणावं, ‘गोलार्ध’ पृथ्वीसाठी राहू द्यावा. पण इंजिनाचं नाव हेमीच ठेवावं, कारण तो आता आकाराचा शब्द उरलेला नाही, क्रायस्लरची नोंदलेली व्यापारमुद्रा (ट्रेडमार्क) आहे. २००३ मध्ये त्यांनी आणलेल्या ५.७ लिटरच्या हेमीचं छत पूर्ण अर्धगोल नाही, तरी नाव हेमीच.

राहिलं लेखन. सुटा शब्द ‘हेमी’, कारण मराठीत शब्दान्तीचा इकार दीर्घ. हेमिप्लेजियासारख्या जोडशब्दात ऱ्हस्व. लिंग सोपं आहे : ती कुडा, ते हेमी. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात प्लिमथ गाड्या जोडल्या जात, तेव्हापासून मुंबईकर ‘ती प्लिमथ’च म्हणत आले आहेत.