व्याकरण-शंका : ‘व्हॉट टू डू’मधला ‘टू’ काढायचा कसा?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘टू’ न वापरता वाक्य पुन्हा लिहायला सांगितलं, की मुलं ‘आय डोन्ट नो व्हॉट टू डू’चं ‘आय डोन्ट नो व्हॉट शुड आय डू’ करतात. हे कसं सुधारावं? आणि दर वेळी ‘शुड’च घालायचं का?

उत्तर : ही चूक मराठीतून येते, म्हणून मराठीतूनच सोडवा. ‘मी काय करावं?’ हा प्रश्न आणि ‘मी काय करावं ते समजत नाही’ हे वाक्य, दोन्हींत शब्दांचा क्रम एकच. इंग्रजीत मात्र तो बदलतो. सरळ प्रश्नात ‘शुड’ कर्त्याच्या आधी येतं; तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला, की कर्ता आधी आणि ‘शुड’ नंतर. म्हणून ‘व्हॉट आय शुड डू’. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही.

फळ्यावर ‘वी डोन्ट नो व्हेन टू पिक द कॉटन’ लिहा. ‘टू’ पुसा आणि त्या रिकाम्या जागी ‘वी शुड’ भरा. ‘पिक’ला हात लावायचा नाही, ते मूळ रूपातच राहतं. ‘कापूस केव्हा वेचावा’ यातलं ‘वेचावा’ म्हणजेच ‘शुड पिक’, हे मुलांना लगेच पटतं.

खरी गोम कर्त्यात आहे. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहा : ‘माय ब्रदर टोल्ड मी व्हॉट टू बाय’ आणि ‘माय ब्रदर आस्क्ड मी व्हॉट टू बाय’. फरक एका शब्दाचा, पण पहिल्यात खरेदी मी करणार, दुसऱ्यात भाऊ. म्हणून पहिल्याचं उत्तर ‘व्हॉट आय शुड बाय’, दुसऱ्याचं ‘व्हॉट ही शुड बाय’. टेल, शो, टीच यांच्यानंतर ज्याला सांगितलं तो कर्ता. आस्क असेल तर विचारणारा. पाठ करून घेण्यापेक्षा दर वाक्याला ‘काम कोण करणार?’ एवढंच विचारा.

‘शुड’ दर वेळी नाही. मराठीत ‘करावं’ आलं तर शुड, ‘करता येईल’ आलं तर कॅन. ‘हाऊ टू’ला बहुधा कॅन जुळतं. ‘ही शोड मी हाऊ टू क्लीन द नोझल’, म्हणजे फवारणी पंपाचं नोझल कसं साफ करता येतं ते दाखवलं. मुख्य क्रियापद भूतकाळी, म्हणून ‘हाऊ आय कुड क्लीन द नोझल’. कॅनचं कुड होतं, शुड मात्र तसंच राहतं. एक सांगायला हवं : ‘शी नोज हाऊ टू स्विम’ यात अंगात मुरलेलं कौशल्य आहे. ते ‘हाऊ शी कॅन स्विम’ केलं, की अर्थ घसरतो. असली वाक्यं या सरावाला देऊ नका.

उलट रूपांतर करायला दिलं, तर आणखी जपावं लागतं. ‘व्हाय आय शुड गो’चं ‘व्हाय टू गो’ होत नाही. ‘इफ आय शुड गो’ चालतं, ‘इफ टू गो’ नाही. तिथे ‘व्हेदर टू गो’ लिहावं. ‘आय डोन्ट नो व्हॉट ही शुड डू’ यात दोन माणसं वेगळी आहेत. ‘टू’ घातला तर ‘तो’ पुसला जाईल आणि काम माझ्यावर येईल. ‘वी डोन्ट नो हू शुड स्पीक फर्स्ट’ हेही तसंच ठेवा, कारण तिथे ‘हू’ हाच कर्ता आहे.