ऑनलाइन बेसबॉल सिम्युलेशनमध्ये पिचरचं रेटिंग नेमकं कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या लीगमधला ६५ ओव्हरऑलचा (म्हणजे एकूण रेटिंगचा) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दर सामन्यात मार खातो, ५० ओव्हरऑलचा पिचर मात्र सामने जिंकून देतो. मग रेटिंगवर विश्वास ठेवायचा की नाही?

मी बरीच वर्षं 'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय, त्यातही जास्त करून ऑनलाइन लीगमध्ये. म्हणून त्याच गेमच्या भाषेत सांगतो. विश्वास जरूर ठेवा, पण ओव्हरऑल हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. मी तर नवा पिचर बघताना तो आधी झाकूनच ठेवतो. ओव्हरऑलमध्ये सगळे गुण एकत्र कालवलेले असतात, आणि तुमच्या संघाला त्यातला कुठला गुण हवाय हे त्या आकड्याला ठाऊक नसतं.

खरा मजकूर त्याखालच्या तीन रेटिंगमध्ये आहे: स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल. स्टफवरून स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर) ठरतात, कंट्रोलवरून वॉक (चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस) आणि मूव्हमेंटवरून मुख्यतः होमरन (थेट कुंपणापलीकडे मारलेले चेंडू). २० ते ८० ही मोजपट्टी खऱ्या बेसबॉलमधल्या स्काऊटांचीच, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांचीच आहे, त्यात ५० म्हणजे सरासरी. मात्र ती सरासरी कुणाची, हे लीगच्या सेटिंगमध्ये एकदा तपासून घ्या. खालच्या दर्जाच्या लीगमधल्या खेळाडूंशी तुलना करून दिलेले ६० वरच्या लीगमध्ये ४५ ठरू शकतात.

तीनच रेटिंग का, हे कळलं की अर्धं काम झालं. २००१ साली बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी एक निष्कर्ष मांडला आणि त्यावरून बेसबॉलमध्ये बराच वाद झाला. स्ट्राइकआऊट, वॉक आणि होमरन हे पिचरच्या हातात असतात, पण बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट होतो (बॅटर बेसवर पोचतो) की आऊट, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण ३० टक्के हिट होतात, पिचर कोणीही असो. बाकी फिल्डर आणि नशीब.

खऱ्या बेसबॉलमधला पिचर पेद्रो मार्टिनेझ याची दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. १९९९मध्ये ३१३ स्ट्राइकआऊट, ३७ वॉक, फक्त ९ होमरन आणि ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तेवढा चांगला) २.०७. २०००मध्ये २८४ स्ट्राइकआऊट, ३२ वॉक, १७ होमरन, तरीही ईआरए १.७४. स्ट्राइकआऊट कमी झाले, होमरन जवळजवळ दुप्पट झाले आणि ईआरए सुधारला! कारण इनिंग जवळपास तेवढ्याच असताना हिट्स १६० वरून १२८ वर आल्या. मी कुठल्याही पिचरचा ईआरए बघून हरखून जायचं सोडलं ते हे आकडे पाहिल्यापासून.

या विचारातूनच आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांचं एफआयपी हे फिल्डरांचा वाटा बाजूला ठेवून पिचरला मोजणारं माप आलं. होमरनला १३ ने गुणा, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूंना ३ ने, त्यातून स्ट्राइकआऊटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि साधारण ३.१ मिळवा. आता दोन पिचर घेऊ, दोघांच्या १८० इनिंग. अंगावर लागलेले चेंडू सोपेपणासाठी सोडून देऊ. पहिल्याचे २०० स्ट्राइकआऊट, ८० वॉक, २२ होमरन. दुसऱ्याचे १४० स्ट्राइकआऊट, ४० वॉक, १६ होमरन. पहिल्याचा हिशेब ३.८० येतो, दुसऱ्याचा ३.३७. म्हणजे ६० स्ट्राइकआऊट जास्त काढूनही पहिला मागे पडला. दुसऱ्याचं स्टफ बेताचं असल्यामुळे तो यादीत उठून दिसत नाही. पण सामने जिंकून देणारा तुमचा तो ५० वाला याच जातीचा असावा, असं मला वाटतं.

हे मी महागात शिकलोय. एका ऑनलाइन लीगमध्ये मी उमदा तरुण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) देऊन स्टफ ७५ असलेला पिचर आणला. मूव्हमेंट ४० होतं, तिकडे लक्षच दिलं नाही. आमचं पार्क, म्हणजे मैदान, होमरनला मोकळं. पहिल्या महिन्यात तो बॅटर भराभर बाद करायचा आणि मी खुशीत होतो. मग उन्हाळा आला. दोन वॉक आणि त्यावर एक होमरन, हे दर सामन्यात ठरलेलं. शिवाय जो शॉर्टस्टॉप मी देऊन बसलो होतो, त्याची जागा घेणाऱ्याच्या बाजूने ग्राऊंडर (जमिनीवरून जाणारे चेंडू) सुटायला लागले, त्यामुळे बाकीचे पिचरही खाली आले. एका व्यवहाराने सगळी पिचिंग बिघडवली.

म्हणून पिचरच्या पानावरून उठून आपल्या पार्कचे आणि फिल्डरांचे आकडे बघायची सवय लावा. ग्राऊंडबॉल पिचर (ज्याचे चेंडू बहुतेक जमिनीवरून मारले जातात) घेणार असाल तर शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन भक्कम हवेत. फ्लायबॉल पिचर (ज्याचे चेंडू बहुतेक हवेत मारले जातात) घेणार असाल तर पार्क मोठं हवं आणि सेंटर फिल्डर चपळ. खऱ्या बेसबॉलमध्येही हेच आहे. कोलोरॅडोचं कुअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, कर्व्ह हा वळणारा चेंडूही नेहमीसारखा वळत नाही. २००२पासून तिथे चेंडू कमी उडावेत म्हणून ते दमट कपाटात ठेवू लागले, तरी ते पार्क बॅटरांचंच राहिलं. अशा पार्कात मी कमी मूव्हमेंटचा पिचर फुकटही घेणार नाही. मोठ्या पार्कात त्याच पिचरचा विचार करीन.

पिचरची भूमिका ही वेगळीच बाब. स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, तेच बॅटर एका सामन्यात दोनदा, तीनदा भेटतात. त्यामुळे त्याच्याकडे किमान तीन बऱ्या पिच (चेंडू टाकायचे प्रकार) हव्यात आणि स्टॅमिना हवा. दोनच पिच असलेला पिचर रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) म्हणून पाहिलात की त्याचं स्टफ वर चढलेलं दिसतं, कारण एखाद्या इनिंगपुरता तो सगळा जोर लावू शकतो. तोच आकडा डोक्यात ठेवून त्याला स्टार्टर केलं की फसगत होते. मारियानो रिव्हेराचं उदाहरण घ्या. १९९५च्या पहिल्या मोसमात त्याने १० सामने स्टार्टर म्हणून टाकले, त्या वर्षीचा ईआरए ५.५१. पुढे बुलपेनमध्ये (रिलीव्हरांच्या ताफ्यात) मुख्यतः कटर या एकाच पिचवर ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने! तुमचा ६५ वाला स्टार्टर म्हणून खेळत असेल तर त्याच्या पिच आजच मोजा. चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) २५-३०चा असेल तर तो तिसरी पिच म्हणून धरू नका. डावऱ्या बॅटरांपुढे त्याचं रेटिंग किती उतरतं तेही त्याच पानावर दिसेल.

आता स्काऊट. लीगमध्ये स्काऊटिंग चालू असेल तर समोर दिसणारं रेटिंग हे तुमच्या स्काऊटचं मत असतं. शेजारच्या संघाला त्याच पिचरचे वेगळे आकडे दिसत असतात. माझा नियम असा की वयाने लहान आणि कमी सामने खेळलेल्या पिचरच्या बाबतीत स्काऊटचं ऐकायचं, पण तीन मोसम पूर्ण खेळलेल्या पिचरच्या बाबतीत त्याच्या आकड्यांचं. त्यातही सगळे आकडे सारख्या वेगाने खरं बोलायला लागत नाहीत. स्ट्राइकआऊट आणि वॉक यांचं प्रमाण काही आठवड्यांत आकार घेतं. होमरनला बराच वेळ लागतो. ईआरए तर एका मोसमातही दिशाभूल करू शकतो, पेद्रोचं वर पाहिलंच. कंट्रोल ६० दिसतंय आणि तीन वर्षं दर नऊ इनिंगला चार-साडेचार वॉक पडतायत, तर मी स्काऊटवर शंका घेतो, पिचरवर नाही.

पोटेन्शियलच्या, म्हणजे पुढे कुठवर पोचेल या रेटिंगच्या, मागे फार धावू नका. २० वर्षांच्या पोरापुढे ७० दिसलं म्हणजे तिथे पोचणं लिहून दिलेलं नसतं, आणि पिचरचा खांदा किंवा कोपर गेला की स्टफ उतरतं. त्यातल्या त्यात, स्टफ आधीच चांगलं आणि कंट्रोल कच्चं असलेल्या पोरासाठी मी थांबतो, कारण कंट्रोल सावकाश सुधारताना मी अनेकदा पाहिलंय. अर्थात सगळ्यांचं सुधारत नाही. नोलन रायनच्या नावावर कारकिर्दीतले सर्वाधिक ५,७१४ स्ट्राइकआऊट आहेत आणि सर्वाधिक २,७९५ वॉकही. पण ते स्टफ लाखात एकाचं होतं. आपल्या लीगमध्ये स्टफ ५५ आणि कंट्रोल ३५ असलेल्याला रायन समजून सांभाळत बसू नका.

तर तुमच्या त्या ६५ वाल्याचं असं करा. त्याची तीन रेटिंग, दर नऊ इनिंगमागचे स्ट्राइकआऊट, वॉक आणि होमरन, आणि वरच्या सूत्राने एफआयपी एका कागदावर लिहा. ईआरए ५ आणि एफआयपी ३.६च्या आसपास असेल तर पिचरला हात लावू नका, शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्डर तपासा. दोन्ही ५च्या घरात असतील तर मूव्हमेंट किंवा कंट्रोल कुठेतरी ४०च्या खाली सापडेल, किंवा तिसरी पिच नसेल. पिच कमी असतील तर त्याला महिनाभर बुलपेनमध्ये टाकून बघा. मूव्हमेंट कमी असेल तर मोठं पार्क असलेला संघ शोधा आणि त्यांच्याशी बोलणी सुरू करा. ओव्हरऑल ६५ दिसतंय तोवर त्याला गिऱ्हाईक मिळेल.