रोलिंग स्टोन्सनी 1981 च्या 'टॅटू यू'नंतरच थांबायला हवं होतं का?

नाही. मुळात 1981 वर रेघ ओढणंच मला पटत नाही. 'टॅटू यू' हा रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा शेवटचा दमदार अल्बम, त्यानंतरची चाळीस वर्षं जुन्या नावावर तिकिटं विकण्यात गेली आणि त्यामुळे आधीच्या कामालाही बट्टा लागला, असं तुमचं म्हणणं आहे. यातला अर्धा आरोप मला मान्य आहे, त्याकडे येतोच. पण आधी 'टॅटू यू'चंच बघू.

तो अल्बम 1981 साली सुचलेल्या गाण्यांचा नाही. अमेरिकेचा दौरा तोंडावर आला होता आणि हातात नवीन गाणी पुरेशी नव्हती. तेव्हा क्रिस किम्सी या त्यांच्या ध्वनिमुद्रकाने जुन्या टेप उपसून काढल्या. 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'चा पाया 1972 च्या अखेरीस जमैकात घातला गेला होता. 'स्टार्ट मी अप' आधी रेगे या जमैकन संगीताच्या अंगाने करून पाहिलं होतं आणि ते बाजूला पडलं होतं. त्या अर्धवट गाण्यांवर बँडचा गायक मिक जॅगरने नव्याने आवाज दिला, जॅझवादक सॉनी रोलिन्सला सॅक्सोफोनसाठी बोलावलं आणि अल्बम उभा राहिला. म्हणजे ज्याला आपण शेवटचा बहर समजतो, तो बराचसा सत्तरच्या दशकातला शिल्लक माल होता. नवीन गाण्यांचा झरा त्याआधीच आटू लागला होता. 'बेगर्स बँक्वेट' (1968), 'लेट इट ब्लीड' (1969), 'स्टिकी फिंगर्स' (1971) आणि 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' (1972) हे चार अल्बम ओळीने दिल्यावर पुन्हा ती उंची गाठता आली नाही. 'सम गर्ल्स'मध्ये (1978) उसळी आहे, पण ती उसळीच. थांबायचंच होतं तर या हिशेबाने 1972 मध्येच थांबायला हवं होतं, आणि तसं कुणीच म्हणत नाही.

आता मान्य असलेला अर्धा भाग. 1986 चा 'डर्टी वर्क' ऐकवत नाही. जॅगर स्वतंत्र अल्बम काढण्यात गुंतलेला, गिटारवादक कीथ रिचर्ड्स त्यावरून संतापलेला, ड्रमवादक चार्ली वॉट्स व्यसनात बुडालेला, आणि हे सगळं त्या आवाजात ऐकू येतं. 1989 च्या 'स्टील व्हील्स'पासून पुढचे अल्बम सीडीच्या जमान्यातले, त्यामुळे उगाच लांबलेले. 'व्हूडू लाउंज', 'ब्रिजेस टू बॅबिलॉन', 'अ बिगर बँग' हे प्रत्येकी तासाभराचे आहेत, त्यांतली चाळीस मिनिटंच ठेवली असती तर बरं झालं असतं. तरीही 'ब्रिजेस टू बॅबिलॉन'चं शेवटचं गाणं, 'हाऊ कॅन आय स्टॉप', सोडू नका. कीथ स्वतः गातो, जॅझवादक वेन शॉर्टर सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो आणि शेवटी चार्लीच्या झांजा लाटेसारख्या वर येतात. विशीतल्या स्टोन्सना हे जमलं नसतं.

तिकिटांच्या दरांबद्दलचा राग मात्र मी अजिबात लपवत नाही. ज्यांनी हे संगीत डोक्यावर घेतलं त्या सामान्य माणसाला पुढच्या रांगेत बसणं परवडू नये, हे मला आजही खुपतं. ब्राझीलमधल्या कोपाकबानाच्या किनाऱ्यावर 2006 मध्ये आणि क्यूबाच्या हवानात 2016 मध्ये त्यांनी फुकट कार्यक्रम केले, त्याने ही तक्रार थोडी हलकी होते, मिटत नाही.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आपण त्यांना रॉकच्या मापाने मोजतो, आणि रॉक म्हणजे तरुणाई असं धरून चालतो. जॅगर स्वतःही सत्तरच्या दशकात म्हणून गेला होता की पंचेचाळिशीत 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यापेक्षा मेलेलं बरं. पण ही मंडळी आली ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून. बँडचं नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या 1950 च्या गाण्यावरून घेतलेलं. 1964 मध्ये अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यात ते शिकागोला चेस या ब्लूजच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करून आले. 1965 मध्ये 'शिंडिग' या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी हट्टाने हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाला बोलावून घेतलं. वुल्फ तेव्हा चोपन्न वर्षांचा होता आणि ही विशीतली पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. आणि तुम्ही रेघ ओढता त्याच 1981 सालच्या नोव्हेंबरात, दौरा चालू असताना, जॅगर, कीथ आणि बँडचा दुसरा गिटारवादक रॉनी वूड शिकागोच्या 'चेकरबोर्ड लाउंज' नावाच्या लहानशा क्लबात मडी वॉटर्सबरोबर गायला-वाजवायला गेले. मडीची साठी केव्हाच उलटून गेली होती. त्याने का थांबलं नाही, असा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या परंपरेत म्हातारपण हा दोष मानतच नाहीत.

म्हणून उतारवयातलं त्यांचं सगळ्यात खरं काम मी 2016 च्या 'ब्लू अँड लोनसम'ला मानतो. लंडनच्या चिझिकमधल्या स्टुडिओत तीन दिवसांत मुद्रित केलेला, सगळी गाणी जुन्या ब्लूजवाल्यांची. सत्तरी ओलांडलेला जॅगर त्यात जो माउथ ऑर्गन वाजवतो, त्यासाठी एवढी वर्षं खर्ची पडली असतील तर ती सार्थकी लागली असं मी म्हणेन.

दुसरं कारण चार्ली वॉट्स. ड्रमवाला सहसा उजव्या हाताने हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) सलग ठोके देत राहतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) वाजवतो. चार्ली त्या दोन मात्रांना उजवा हात उचलून घ्यायचा, त्यामुळे स्नेअरचा ठोका एकटा, मोकळा पडायचा. वर तो कीथच्या गिटारमागे किंचित रेंगाळत चालायचा. कीथची ती गिटारही निराळी: सहावी जाड तार काढून टाकलेली, उरलेल्या पाच सा-प-सा-ग-प अशा लावलेल्या. स्टोन्सची लय या दोघांमध्ये आहे, आणि ती वयाने बिघडली नाही. एप्रिल 2003 मध्ये ते बंगलोरनंतर मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर आले, तेव्हा मी गर्दीत होतो. सगळ्यांचे डोळे धावणाऱ्या जॅगरवर; मी पडद्यावर चार्ली दिसला की त्याचा तो उजवा हात शोधत होतो. एकसष्ट वर्षांचा माणूस, चेहऱ्यावर ताण नाही, आणि अख्खं मैदान त्याच्या ठोक्यावर हलत होतं. 1981 ला थांबले असते तर मुंबईला हे कधी दिसलंच नसतं.

तेव्हा थांबायचा प्रश्न खरा उभा राहतो तो 24 ऑगस्ट 2021 ला, चार्ली गेला तेव्हा. महिनाभरात दौरा सुरू झाला, स्टीव्ह जॉर्डनला ड्रमवर घेऊन. जॉर्डन पट्टीचा वादक आहे, कीथबरोबर त्याने ऐंशीच्या दशकापासून काम केलंय, पण तो ठोका पुढे रेटतो आणि बँड वेगळा ऐकू येतो. हे मला जड गेलं, अजूनही जातं. त्याच दौऱ्यात त्यांनी 'ब्राउन शुगर' गाणं यादीतून काढलं. गुलाम स्त्रियांवरच्या अत्याचाराचं वर्णन नाचायच्या ठेक्यावर गाण्याबद्दल लोकांनी अनेक वर्षं बोट ठेवलं होतं. वारशाचा वाद घालायचाच तर तो इथे घालावा. वयावर घालण्यात काही अर्थ नाही.

2023 चा 'हॅकनी डायमंड्स' चकचकीत आहे, काही ठिकाणी नको इतका. पण दोन गाण्यांवर चार्ली आहे, त्यातल्या 'लिव्ह बाय द सोर्ड'वर तर बँडचा जुना बेसवादक बिल वायमनही परत येऊन बेस वाजवतो. आणि शेवटचं गाणं ज्यावरून बँडचं नाव घेतलं तेच, मडीचं. फक्त जॅगर आणि कीथ, गिटार आणि माउथ ऑर्गन. तुम्ही तो अल्बम अर्ध्यावर सोडला असेल, तर आधी 'ब्लू अँड लोनसम' पूर्ण ऐका, मग हे एक गाणं ऐका, आणि तरीही 1981 वरच ठाम असाल तर खाली लिहा. मला वाद घालायला आवडेल.