‘पाठवायचे होते’ आणि ‘असेल बहुधा’

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. मागच्या महिन्यात वरिष्ठांचा ई-मेल आला : ‘यू वेअर सपोज्ड टू सेंड द स्टेटमेंट ऑन मंडे.’ शब्दकोशात ‘सपोज’चा अर्थ ‘समजणे, गृहीत धरणे’ असा पाहिला होता. त्यामुळे मी सोमवारी स्टेटमेंट पाठवले असे ते समजत आहेत, असा अर्थ लावून मी ‘येस सर, आय सपोज’ असे उत्तर पाठवले. त्यावर ते बरेच नाराज झाले. माझे नेमके काय चुकले?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्ही ‘सपोज’चा जो अर्थ शब्दकोशात पाहिलात तो बरोबरच आहे; मात्र तुमच्या वरिष्ठांनी वापरलेली रचना वेगळी आहे. त्यांचे वाक्य मराठीत असे होईल : ‘तुम्ही स्टेटमेंट सोमवारी पाठवायचे होते.’ त्यावर ‘आय सपोज’ हे उत्तर ‘हो, असेल बहुधा’ असे वाचले जाते. चूक दाखवून दिल्यावर समोरच्याने खांदे उडवावेत, तसे ते त्यांना वाटले असणार.

‘सपोज’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खाली ठेवणे’ असा आहे. एखादी गोष्ट पायाशी ठेवायची आणि तिच्यावर पुढचा विचार उभा करायचा, ही ती कल्पना. भूमितीच्या तासाला फळ्यावर ‘समजा, अबक हा एक त्रिकोण आहे’ असे लिहितात तेव्हा आपण हेच करतो. ‘सपोज इट रेन्स’ म्हणजे ‘समजा, पाऊस आला’. इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. मराठीत ‘समजा जर पाऊस आला तर’ असे म्हणण्याची सवय असल्याने आपण ‘सपोज इफ इट रेन्स’ असे बोलतो. परंतु ‘सपोज’मध्ये ‘जर’ आधीच आलेला असतो, म्हणून ‘इफ’ गाळावा.

कर्त्याबरोबर ‘आय सपोज’ असे आले की अर्थ ‘मला वाटते’, ‘असावे’ असा होतो. ‘आय थिंक’पेक्षा यात खात्री कमी असते आणि पुष्कळदा उत्साहही कमी असतो. म्हणूनच कामाच्या ठिकाणी होकार देताना ‘आय सपोज सो’ हे उत्तर टाळावे, कारण त्यातून ‘बरं, म्हणता तर तसं’ असा नाखुशीचा सूर उमटतो. ‘आय ॲम सपोजिंग’ असे चालू काळाचे रूपही सहसा करत नाहीत.

आता ‘सपोज्ड टू’. हे मुळात कर्मणी रूप आहे : ‘अमुक माणूस अमुक करील असे मानले गेले आहे.’ कोणी मानले, ते सांगितलेले नसते. कधी तो नियम असतो, कधी आधी ठरलेला बेत, कधी रीत. समजण्यातून अपेक्षा निर्माण झाली ती अशी. ‘शुड’ वापरताना बोलणारा स्वतःचा सल्ला किंवा मत देत असतो. ‘सपोज्ड टू’ वापरताना तो बाहेरच्या नियमाकडे किंवा बेताकडे बोट दाखवत असतो.

या अर्थासाठी मराठीत ‘-यचे आहे’, ‘-यचे असते’ आणि ‘-यचे होते’ ही रूपे अगदी चपखल बसतात. ‘द ट्रेन वॉज सपोज्ड टू कम ॲट एट’ म्हणजे ‘गाडी आठला यायची होती’. गाडी अजून आलेली नाही किंवा उशिरा आली, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘यू आर नॉट सपोज्ड टू वेअर शूज हिअर’ म्हणजे ‘इथे बूट घालून यायचे नसते’. ‘मस्ट नॉट’मध्ये स्पष्ट मनाई असते, तर इथे त्या जागेची रीत सांगितलेली असते, त्यामुळे परक्या माणसाला सांगताना हे वाक्य अधिक सौम्य वाटते.

मात्र एका जागी मराठी आपल्याला फसवते. ‘मला उद्या पुण्याला जायचे आहे’ या वाक्यात इच्छाही असू शकते आणि ठरलेले कामही. इंग्रजीत हे दोन अर्थ वेगळे करावेच लागतात : इच्छा असेल तर ‘आय वाँट टू गो’, ठरलेले असेल तर ‘आय ॲम सपोज्ड टू गो’. मराठीतही ‘तुम्हाला पाठवायचे होते’ आणि ‘तुम्ही पाठवायचे होते’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात जो ठपका आहे, तोच तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यात होता. त्याला उत्तर द्यायचे ते असे : ‘येस सर, आय वॉज. आय ॲम सॉरी. आय विल सेंड इट टुडे.’

याच रचनेचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो, कारण त्यासाठी मराठीत एकच लहानसा शब्द पुरतो : ‘म्हणे’. ‘द मिसळ हिअर इज सपोज्ड टू बी व्हेरी गुड’, अर्थात ‘इथली मिसळ फार चांगली असते म्हणे’. बोलणाऱ्याने ती खाल्लेली नाही, केवळ ऐकलेले आहे. खाऊन झाल्यावर कोणी असे म्हणाला, तर मिसळ त्याच्या पसंतीस उतरली नाही असे समजावे.

लिहिताना या रचनेत ‘सपोज’नंतरचा ‘डी’ कधीही गाळू नये. बोलताना पुढच्या ‘ट’मुळे उच्चार ‘सपोस्टू’सारखा होतो आणि ‘डी’ ऐकूच येत नाही, म्हणून तो लिहिण्यातूनही निसटतो. हाच शब्द नामाआधी ‘तथाकथित’ या अर्थाने आला, तर मात्र त्याचा उच्चार ‘सपोझिड’ असा करतात.

प्रश्न : इथे एक वर्गमित्र मला म्हणाला, ‘आय डोन्ट सपोज यू हॅव अ पेन?’ माझ्याकडे पेन नाही, असे तो का गृहीत धरतो?
(इंग्लंडमध्ये शिकणारा एक वाचक)

उत्तर : तो पेन मागत आहे. आपणही अनोळखी माणसाला ‘तुमच्याकडे पेन नसेल ना?’ असेच विचारतो, म्हणजे त्याला नाही म्हणणे अवघड जाऊ नये. उत्तर देताना मात्र जपावे. मराठीत अशा प्रश्नावर ‘हो, नाहीये’ असे म्हणता येते. इंग्रजीत ‘येस’ म्हटले की पेन आहे असाच अर्थ होतो आणि समोरचा हात पुढे करतो. पेन नसेल तर ‘नो, सॉरी’ म्हणावे.