वॅगन आर घेताना १.० इंजिन घ्यावं, १.२ की सीएनजी?

तुम्ही लिहिलंय की राहायला देवरूखला, महिन्याचं रनिंग ८०० किलोमीटर, त्यात आईच्या उपचारांसाठी दोनदा कोल्हापूर. मायलेज महत्त्वाचं आहे आणि 'घरचे सगळे म्हणतात एक लिटरचं इंजिन पुरे.' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

१.२ घ्या. गाडी कोण चालवणार आणि घाट कोण चढणार, हे घरच्यांना आधी विचारा.

माझं माहेर कोल्हापूर, सासर रत्नागिरीतल्या पालीजवळ. लग्नानंतर पंधरा वर्षं या वाटेवरचा आंबा घाट मी एसटीच्या खिडकीतून पाहिला. २०१३ साली गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पैसे माझ्या भविष्य निर्वाह निधीतले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मिस्टर गाडी चालवत नाहीत, म्हणजे चालवणार मीच. मला हजार सीसीची हवी होती. मोठे दीर शिमग्याला डोंबिवलीहून आले होते. पालखी घरी येऊन गेली त्या संध्याकाळी त्यांनी ओटीवर बसून कागदावर हिशेब मांडला: आठशे सीसीला लिटरमागे इतके किलोमीटर, हजारला इतके, वर्षाला इतकी बचत. मी घाटाचं नाव काढलं तर म्हणाले, "तुला काय शर्यत लावायचीय? बाईमाणसाला आठशे भरपूर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, आठशेचीच गाडी आली, आणि ते गप्प बसणं मला अजून सलतं.

पुढच्या वर्षीचा मे महिना. आम्ही दोघं, सासूबाई, माझी मुलगी आणि डिकीत हापूसच्या चार पेट्या, माहेरी द्यायच्या. साखरप्यापर्यंत गाडी छान पळाली. घाट लागला तशी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आली. एसी बंद केला, काचा उघडल्या. एका वळणावर पुढे चिऱ्याने भरलेला ट्रक अगदी संथ चढत होता. वरून एसटी आली, ट्रक थांबला, मलाही थांबावं लागलं. तिथून गाडी उचलेना. हँडब्रेक लावून हाफ क्लचवर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा इंजिन बंद पडलं आणि गाडी हातभर मागे आली. मागे जीप होती, तिचा हॉर्न चालू. क्लच जळल्याचा वास आत भरला. ट्रकच्या क्लीनरने उतरून चाकामागे दगड लावला आणि म्हणाला, "ताई, माणसं उतरवा."

सासूबाईंचे गुडघे तेव्हाही दुखायचे. दुपारी एकच्या उन्हात मुलीचा हात धरून त्या ते वळण चालत चढल्या. मिस्टर एक पेटी खांद्यावर घेऊन मागून आले. रिकामी गाडी मी वर नेली आणि रस्त्याला जागा मिळाली तिथे थांबवून त्यांची वाट पाहत बसले. त्या आल्या, पाणी प्यायल्या, मला एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. कोल्हापूरला पोचल्यावर फोनवर भावोजी मात्र बोलले: "गिअर चुकीचा टाकला असशील. सवय नाही ना घाटाची."

नंतर पुढची तीन वर्षं मी वही ठेवली. दर वेळी टाकी फुल्ल, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होते तिथवर, आणि किलोमीटरची नोंद. काठोकाठ भरायच्या फंदात पडू नका, हिशेब चुकतो. शाळेच्या रोजच्या रस्त्यावर त्या गाडीने १९ दिलं, कोल्हापूरच्या फेरीला १५.५. एसटीत ड्रायव्हर असलेल्या माझ्या भावाने तीच गाडी तोच घाट चढवून पाहिली, त्यालाही १६ च्या वर गेली नाही. आता २०२१ पासून माझ्याकडे १२०० सीसीची आहे. रोजच्या रस्त्यावर १८.५, कोल्हापूरच्या फेरीला १७.८. भावोजींचा कागद सपाट रस्त्यापुरता खरा होता. आमच्याकडे सपाट रस्ता कुठाय?

कारण साधं आहे. त्या काळच्या आठशे सीसीच्या गाड्यांचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ७० न्यूटन मीटरच्या आसपास असायचा. चढावर वजन ओढायचं तर खालचा गिअर टाकून इंजिन जोरात फिरवावं लागतं, म्हणजे तेवढ्याच अंतराला इंजिनाचे फेरे जास्त. शिवाय पेडल पूर्ण दाबलं की हवेच्या मानाने पेट्रोलही जास्त सोडलं जातं. त्यातून मायलेज कुठून येणार? मोठं इंजिन तोच चढ एक गिअर वर आणि अर्ध्या पेडलवर काढतं.

आता तुमच्या गाडीचं. १.० म्हणजे ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ पीएस (अश्वशक्ती), ८९ न्यूटन मीटर. १.२ म्हणजे ११९७ सीसी, चार सिलिंडर, ९० पीएस, ११३ न्यूटन मीटर. ओढ पाव पटीहून जास्त, आणि गाडीच्या वजनात नावापुरता फरक. मॅन्युअल गिअरचं प्रमाणित मायलेज अनुक्रमे २४.३५ आणि २३.५६. तुमच्या ८०० किलोमीटरला पहिलीला ३२.९ लिटर लागेल, दुसरीला ३४. पेट्रोल १०५ रुपये धरा, महिन्याचा फरक ११५-१२० रुपये होतो. घरच्यांसमोर हाच हिशेब कागदावर मांडा. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, रस्त्यावर दोन्ही गाड्या यापेक्षा कमी देतील, आणि घाटात हा फरकसुद्धा उरणार नाही असं माझी वही सांगते. १.२ विकत घेतानाच थोडे जास्त पैसे जातात हे खरं, पण ते एकदाच. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांचे मायलेजचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका.

सीएनजीबद्दल विचारलंयत. वॅगन आरमध्ये सीएनजी फक्त १.० बरोबर मिळतो. गॅसवर तेच इंजिन ५७ पीएस आणि ८२ न्यूटन मीटरवर येतं, आणि टाकीचं वजन वर. किलोला ३४.०५ किलोमीटर हा आकडा मोहात पाडणारा आहे. गॅस ९० रुपये किलो धरला तर पेट्रोलवरच्या १.० च्या मानाने तुमचे महिन्याला तेराशे रुपये वाचतील. किमतीतला फरक ९० हजारांच्या आसपास निघाला तर तो भरून यायला साडेपाच वर्षं. तोवर डिकी गेलेली, आईंची व्हीलचेअर किंवा आंब्याच्या पेट्या मांडीवर, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), आणि गणपतीत गॅसच्या पंपावर रांग. रोज शंभर किलोमीटर हायवेने जाणाऱ्याने जरूर घ्यावा. तुम्ही नका घेऊ.

डिझेल तुम्ही विचारलं नाहीत तेच बरं. घाटाला ते उत्तम होतं. १२४८ सीसीचं ते जुनं डिझेल इंजिन २००० आरपीएमला, म्हणजे कमी फेऱ्यांतच, १९० न्यूटन मीटर द्यायचं, म्हणून आमच्याकडे अजून लोक ते शोधत फिरतात. पण मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं. जुनं शोधण्यात तुमच्या ८०० किलोमीटरला अर्थ नाही.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. आजचं १.० म्हणजे माझं तेव्हाचं आठशे नव्हे. दोघं जण आणि एक बॅग घेऊन ते आंबा घाट व्यवस्थित चढेल. माझ्या शाळेतल्या एका सरांकडे आहे, ते खूश आहेत, पण ते रत्नागिरीच्या पलीकडे क्वचित जातात. तुमचं घर-बाजार एवढंच असतं तर मीही १.० च सांगितलं असतं. एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) घेणार असाल तर चढावर मागे न सरकणारी सोय त्यात आहे, तेवढी पाहून घ्या.

मी घाटात अडकले त्याच वर्षी भावोजींनी गणपतीत माझी गाडी मागून घेतली, वहिनी आणि दोन मुलांना घेऊन ज्योतिबाला गेले. परतल्यावर मुलांनी सांगितलं की घाटात बाबांनी एसी बंद केला आणि एका वळणावर सगळ्यांना उतरवलं. त्यांनी स्वतः आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. मी गिअर चुकीचा टाकला नव्हता, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सपाट हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणतात. तेवढ्यावर मान्य करू नका. हातखंब्यावरून निवळी घाटाकडे घ्यायला सांगा. गाडीत चार माणसं, एसी चालू. चढावर मध्येच, सुरक्षित जागा पाहून थांबवा आणि तिथून उचला. आधी १.० आणि मग १.२, त्याच जागेवरून. आईंना मागच्या सीटवर बसवा आणि दोन्हींत कसं वाटलं ते त्यांना विचारा.